टाळ्यांचा वेळ धरायचा नाही

माझी थोरली बहीण भल्याभल्यांची बोलती बंद करते. हे मी रागानं म्हणत नाही आणि कौतुकानंही नाही. तिची नोकरीच ती आहे. आमच्या भागातल्या शेजारी शेजारी असलेल्या प्रांतांची मिळून एक ऊर्जा परिषद आहे. ऊन, वारा, पाणी यांतून मिळणारी ऊर्जा कशी वापरायची, आणि जगातले सगळे देश एकत्र बसून त्याबद्दल जे करार करतात त्यात आपल्या भागाचं म्हणणं काय असावं, हे ठरवायला ही परिषद बसते. बसते म्हणजे बोलते. आणि ते बोलणं वेळेत थांबवायचं काम ताईचं. टेबलाच्या टोकाला पितळेची लहानशी घंटी, गळ्यात शर्यतीत वापरतात तसलं चालू-बंद होणारं घड्याळ, आणि प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटं. सगळे तिला घंटीताई म्हणतात. तिच्या शेजारची खुर्ची माझी, कारण सभागृहातले माइक मी सांभाळतो. मला भोंगेवाले म्हणतात. आमच्या घराण्याचं नाव आम्ही दोघांनी हे असं काढलं आहे.

पद्धत ताईनंच घालून दिलेली. घंटी एकदा वाजली की आवरतं घ्यायचं. दोनदा वाजली की बसायचं. तरीही गाडी चालूच राहिली तर ताई उभी राहते. ती उंच नाही. उभी राहिली काय आणि बसली काय, फारसा फरक पडत नाही. पण ती उभी राहून काही न बोलता नुसती बघते, आणि समोरचा माणूस कितीही मोठा असो, त्याला एकदम आठवतं की आपल्याला आणखी काही सांगायचं नव्हतं. हेही जमलं नाही तर ती माझ्याकडे बघून भुवई उचलते आणि मी माइकचा आवाज उतरवतो. ती वेळ फार क्वचित येते, आणि आली की मला मनापासून आनंद होतो.

एकदा राजधानीतून आलेले एक बडे साहेब दुसऱ्या घंटीनंतर हात वर करून म्हणाले, "बाई, फक्त एक मिनिट."

ताई म्हणाली, "ते तुम्ही सुरुवातीला हारतुऱ्यांवर बोललात ना, त्यात गेलं."

साहेबांनी खरोखरच मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि बसले. जेवणाच्या सुट्टीत ते मला विचारत होते, या बाई आधी कोर्टात होत्या का? मी म्हटलं, नाही हो, आधी त्या तुमच्यासारख्यांना चहा द्यायच्या.

हे खरंच होतं. परिषद नवी होती तेव्हा ताई तिथे चहा करायची. सभा भरायची ती बसआगाराच्या वरच्या मजल्यावरच्या लांबलचक खोलीत. अजूनही तिथेच भरते. उंच खिडक्या, काळ्या पट्टीनं जमिनीला चिकटवलेल्या वायरी, पाण्याच्या जगांवर झाकलेल्या बशा, आणि एका कोपऱ्यात काचेचं खोकं, त्यात दोन दुभाषे. त्या काळी वेळेचं बंधन कुणालाच नव्हतं. जो आधी उठेल तो थकेपर्यंत बोलायचा. डोंगराकडच्या प्रांतातून एक शिक्षिका यायच्या. पहाटेची बस धरून, चार शब्द लिहून आणून, मांडीवर पिशवी घेऊन बसायच्या. त्यांची पाळी सगळ्यांत शेवटी. आणि पाळी येईपर्यंत परतीच्या शेवटच्या बसची वेळ व्हायची. असं दोनदा-तीनदा झालं. न बोलता त्या जिना उतरून जायच्या, आणि ताई रिकामे कप गोळा करता करता ते बघायची.

पुढच्या खेपेला बंदराकडच्या प्रांताचे प्रतिनिधी पवनचक्क्यांवर बोलायला उभे राहिले. यांना आम्ही बंदरवाले म्हणतो. माणूस दिलदार, पण गुऱ्हाळ एकदा लागलं की थांबायचं नाव नाही. ते पवनचक्कीच्या पात्यावरून जहाजाच्या शिडावर, तिथून स्वतःच्या लहानपणावर आले, आणि चहाची किटली हातात घेऊन उभ्या असलेल्या ताईनं ट्रेमधला चमचा उचलून काचेच्या ग्लासवर दोनदा वाजवला. सभा गप्प. बंदरवाले गप्प.

"त्या बाईंची बस जाईल," ताई म्हणाली. "शेवटच्या माणसाचा वेळ पहिलाच माणूस खातो. रोजचंच झालंय हे."

मला वाटलं, गेली हिची नोकरी. पण अध्यक्ष हसले. अध्यक्ष म्हणजे किडकिडीत, अर्धवट झोपेत असल्यासारखे दिसणारे गृहस्थ, पण कान जागे. त्या दिवशी शिक्षिका बोलल्या, बसही मिळाली. पुढच्या सभेला चहा करायला दुसरं कुणीतरी आलं आणि ताईला टेबलाशी खुर्ची मिळाली. घंटी अध्यक्षांनी दिली. घड्याळ भावोजींनी दिलं. भावोजी घड्याळं दुरुस्त करतात. गावातली सगळी घड्याळं त्यांच्यामुळे वेळेवर चालतात आणि ते स्वतः कुठेही कधीही वेळेवर पोचत नाहीत. ताईचा निम्मा कडकपणा मला वाटतं त्यांच्यावरच्या रागातून आला आहे.

आता टाळ्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बंदरवाल्यांबरोबर त्यांची माणसं येतात आणि ती दर वाक्याला टाळ्या वाजवतात. एकदा खाली बसवल्यावर बंदरवाले चिडून ताईकडे आले. "माझी दोन मिनिटं तर टाळ्यांतच गेली! हा काय न्याय झाला?"

मी दात काढायच्या बेतात होतो. पण ताई विचारात पडली. घरी जाईपर्यंत विचारातच होती. "बरोबर आहे रे त्यांचं," ती मला म्हणाली. "टाळ्या वाजवतात लोक. त्यांचा वेळ बोलणाऱ्याच्या नावावर का मांडायचा?" दुसऱ्या दिवसापासून नियम झाला: टाळ्या सुरू झाल्या की घड्याळ बंद, थांबल्या की चालू. टाळ्यांचा वेळ धरायचा नाही. बंदरवाले इतके खूश झाले की त्यांनी ताईला खारवलेल्या माशांची टोपली पाठवली. ताईनं ती परत पाठवली. तिच्या कामात ती इतकी चोख आहे की जवळच्या माणसांना कधी कधी घुसमटायला होतं.

जवळचं माणूस म्हणजे मुख्यतः तिची मुलगी. माझी भाची. तिला आम्ही ठकी म्हणतो. ताईसारख्या आईच्या पोटी देवानं ठकीसारखी मुलगी घालावी, यात त्याची काहीतरी गंमत असणार. ठकीला सरळ काही सांगताच येत नाही. "दूध संपलं" हे सांगायला ती दूधवाल्याच्या मेहुण्यापासून सुरुवात करते. लहानपणी जेवताना ती शाळेतली हकिकत सांगायला लागली की ताई ताटावर चमचा वाजवायची, आणि ठकी ओठ घट्ट मिटून वरण ढवळत बसायची. मला तेव्हाही ते आवडत नव्हतं. मला तिची पाल्हाळं ऐकायला मजा यायची. दिवसभर मुद्देसूद भाषणं ऐकून माझे कान किटलेले असायचे.

मोठी झाल्यावर ठकी त्या शिक्षिकांच्याच ओळखीनं डोंगराकडे गेली आणि तिथल्या वाळवणघरांत कामाला लागली. वाळवणघर म्हणजे काचेच्या छपराची लांबट खोली. जमिनीवर काळे रंगवलेले दगड. दिवसभर दगड तापतात, गार हवा खालच्या झरोक्यातून आत येते, तापते आणि वरच्या झरोक्यातून निघून जाते. जाता जाता जाळ्यांवर पसरलेली फळं, टोमॅटो, मिरच्या, लोकर, जे असेल ते वाळवून जाते. ना धूर, ना यंत्राचा आवाज. आधी तिथली माणसं हे सगळं भट्टीवर वाळवायची आणि त्यासाठी झाडं तोडून डोंगर उघडे पडत चालले होते. आता गावंच्या गावं या वाळवणघरांवर जगतात. ठकी काचा बसवते, झरोके आखते, कुठे गळतंय ते शोधते. हात सगळे चरे पडलेले, आणि चेहऱ्यावर असं समाधान की बघत राहावं.

आणि मग तो मसुदा आला.

जगातल्या देशांचा नवा करार व्हायचा होता. कुठल्या ऊर्जेला शाश्वत म्हणायचं आणि कुठल्या कामाला सगळ्यांनी मिळून मदत द्यायची, याचा. त्याचा कच्चा मसुदा प्रत्येक भागाकडे मत मागायला पाठवला होता. आमच्या परिषदेनं तो खोलीत मोठ्यानं वाचून घेतला, आणि दुभाष्यांच्या खोक्यातून येणारा तो संथ आवाज ऐकता ऐकता माझा डोळा लागला, हे मी लपवत नाही. पण ठकीनं तो गावी बसून शब्द न् शब्द वाचला आणि मला फोन केला.

"मामा, यात सगळीकडे वीज म्हटलंय. ऊर्जा म्हणजे फक्त वीज. मोजायचं ते मीटरवर. मग आमची वाळवणघरं कुठे बसतात?"

"कुठे बसतात?"

"कुठेच नाही! आम्ही वीज करतच नाही. आम्ही ऊन आहे तसंच वापरतो. हे असंच पास झालं तर नव्या वाळवणघरांना मदत नाही, जुन्यांच्या फुटक्या काचा बदलायला नाही. लोक पुन्हा भट्ट्या पेटवतील, मामा. गेल्या थंडीत दोघांनी पेटवल्यासुद्धा."

ती हे सगळं सांगायला अर्थातच खूप वेळ घेत होती. मी तुम्हाला त्यातून काढलेलं सार सांगतोय. तिचं म्हणणं साधं होतं. परिषदेच्या मतात एकच ओळ घालायची: जिथे जिथे वीज म्हटलंय, तिथे तिथे वीज आणि उष्णता म्हणा. शिक्षिका आता थकल्या होत्या, त्यांचा आवाज गेला होता. डोंगराकडच्या लोकांनी ठरवलं की या वेळी बोलायला ठकीनं जायचं.

ताईला हे कळलं. दुसऱ्या दिवशी ती अध्यक्षांच्या खोलीत गेली. मी माइकच्या वायरीचं निमित्त करून मागोमाग गेलो.

"त्या दिवशी घंटी दुसऱ्या कुणाकडे द्या," ती म्हणाली. "माझी मुलगी बोलणार आहे."

अध्यक्षांनी डोळे किलकिले करून विचारलं, "तुम्ही तिला जास्त वेळ द्याल असं वाटतं का तुम्हाला?"

"छे! कमी देईन की काय, ही भीती वाटते."

"घंटीताई, त्या दिवशी बंदरवालेही बोलणार आहेत. घंटी दुसऱ्याकडे दिली तर ते दिवेलागणीपर्यंत बोलतील. तुम्हीच बसा."

सभेच्या आदल्या संध्याकाळी ठकी घरी आली. भावोजी दुकानातून यायचे होते, म्हणजे यायची शक्यता होती. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ठकी उभी राहिली, ताई जेवणाच्या टेबलाशी घड्याळ घेऊन बसली, आणि तालीम सुरू झाली. ठकीनं सुरुवात केली ती डोंगरावरच्या पहिल्या वाळवणघरापासून; ते ज्यांनी बांधलं त्या आजोबांपासून; त्यांना कल्पना सुचली ती कशी, तर त्यांच्या सुनेनं धुतलेला सदरा काचेच्या तावदानामागे राहिला होता... ताईनं चमचा वाजवला. ठकी पुन्हा सुरू झाली. या खेपेला सदरा आला नाही, पण आजोबांची म्हैस आली. चमचा. तिसऱ्यांदा. चमचा. वीज आणि उष्णता हे शब्द काही ठकीच्या तोंडून निघेनात.

शेवटी ठकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, तू जरा ऐक ना! नुसती वाजवत काय सुटलीयस! मला आत्ता आई हवीय. घंटी उद्या आहेच."

"उद्या सभेत आई नसणार," ताई म्हणाली. "म्हणून आज वाजवतेय. उद्या तिथे अडकलीस तर मला काही करता येणार नाही, ठके. काहीही करता येणार नाही मला. कळतंय का तुला?"

बोलता बोलता ताईचाच आवाज फाटला. मी मध्ये काहीतरी विनोद करायला गेलो, तर दोघी माझ्यावरच खेकसल्या. ते एका परीनं बरंच झालं. त्यानंतर दोघी निदान एकाच ताटात जेवल्या. पण मला दिसत होतं की ही पोरगी उद्या म्हशीवरच अडकणार आणि हिची आईच तिला खाली बसवणार. आणि मग ती अढी दोघींत जन्मभर राहणार.

सभेच्या दिवशी खोली गच्च भरली होती. भावोजी सुद्धा वेळेवर आले. यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजा. ठकीच्या आधी बंदरवाल्यांची पाळी होती. ते वाऱ्यावर बोलले, वाऱ्यासारखेच बोलले, आणि ऐन रंगात असताना दोन घंट्या झाल्या. "झालंच, झालंच," म्हणत ते पुढे निघाले. ताई उभी राहिली. बंदरवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि बसले. सगळी सभा हसली. ताई हसली नाही. तिनं घड्याळ शून्यावर आणलं आणि पुढचं नाव पुकारलं. तिच्या मुलीचं. आवाज अगदी नेहमीसारखा.

ठकी माइकपाशी आली. मी माइक तिच्या उंचीला खाली घेतला आणि हळूच तिच्या कोपराला हात लावला.

"माननीय अध्यक्ष," ती म्हणाली. "आमच्या डोंगरावर पहिलं वाळवणघर..."

आणि थांबली. मला कळलं काय झालं ते. समोर तिला आजोबा दिसले, सदरा दिसला, म्हैस दिसली, आणि कानात चमचा वाजला. हेही बोलायचं नाही, तेही बोलायचं नाही. मग बोलायचं काय? ती कोरी झाली. ओठ हलले, शब्द आला नाही. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. ताईच्या हातातल्या घड्याळाचा काटा चालला होता, आणि ताई त्या काट्याकडे बघत होती. मुलीकडे नाही. मी आयुष्यात कुणाच्या भाषणासाठी देवाचा धावा केला नव्हता, त्या दिवशी केला.

तेवढ्यात टाळी वाजली. एकच माणूस वाजवत होता, सावकाश, खणखणीत. बंदरवाले. ठकीनं अजून काही म्हटलंच नव्हतं, आणि हे गृहस्थ खुर्चीत मागे रेलून तिला टाळ्या वाजवत होते. लोक वळून बघायला लागले. मला वाटलं, पोरीची टर उडवतोय हा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग मला दिसलं, ते ठकीकडे बघतच नव्हते. ते ताईकडे बघत होते, आणि मिशीत हसत होते.

ताईनं चमकून वर पाहिलं. मग खाली घड्याळाकडे. आणि तिनं बटण दाबलं. काटा थांबला.

हे सगळ्यांत आधी उमगलं खोक्यातल्या दुभाष्यांना. दोघं काचेवर तळहात आपटायला लागले. मग पठाराकडची माणसं, नदीकाठची माणसं, मग बंदरवाल्यांची ती सरावलेली फौज. सगळी खोली टाळ्या वाजवत होती, कुणीच थांबत नव्हतं, थांबायचं नाही हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनी डोळे मिटले होते आणि ते टेबलावर बोटांनी ताल धरत होते. आणि माझी बहीण, जिनं कधी कुणाला एक क्षण जादा दिला नाही, ती थांबलेलं घड्याळ मुठीत धरून ताठ बसली होती आणि आपल्याच नियमात अडकली होती. भावोजी मागच्या रांगेत खुर्चीवर चढून वाजवत होते.

ठकीला आधी काही कळेना. मग तिनं आईकडे पाहिलं. ताईनं घड्याळ जरा वर करून तिला दाखवलं: बंद आहे. बस्स, तेवढंच. ठकी हसली. पाण्याच्या जगावरची बशी काढून तिनं ग्लासभर पाणी ओतलं, सावकाश प्यायली, तोंड पुसलं आणि हात वर केला. टाळ्या थांबल्या. घड्याळ सुरू झालं.

"आमच्याकडे ऊन आहे," ती म्हणाली. "त्याची आम्ही वीज करत नाही. काचेखाली दगड तापवतो आणि जे पिकतं ते त्या उबेवर वाळवतो. पूर्वी त्यासाठी झाडं जाळायचो, आता जाळत नाही. हे न जाळलेलं लाकूड कुठल्या मीटरवर दिसणार? मसुद्यात ते कुठेच दिसत नाही. म्हणून आम्हीही दिसत नाही."

मग तिनं भट्ट्यांचं सांगितलं, उघड्या डोंगरांचं सांगितलं, परत भट्टी पेटवलेल्या त्या दोन घरांचं सांगितलं. त्यांना दोष न देता. घंटी एकदा वाजली. ठकी दचकली नाही. "आमची मागणी एकाच शब्दाची आहे," ती म्हणाली. "जिथे वीज म्हटलंय तिथे वीज आणि उष्णता म्हणा." आणि बसली. दुसरी घंटी वाजायच्या आत बसली. ताईचा हात घंटीवर तसाच राहिला.

आता खरी परीक्षा होती, कारण परिषदेचं मत सगळ्यांच्या संमतीनं जातं, आणि बंदराकडचे लोक नव्या शब्दांना नेहमी आडवे येतात. त्यांना भीती की वाटेकरी वाढले की पवनचक्क्यांच्या वाट्याला कमी येणार. अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? बंदरवाले उठले.

"हरकत नाही, दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "ही पोरगी बोलत होती तेव्हा मला आमचा किनारा दिसत होता. आमची मासळी वाऱ्यावर वाळते. दोरीवर. पिढ्यान् पिढ्या. तिला तरी कुठे मीटर आहे? आम्ही इतकी वर्षं पवनचक्कीवर बोलतोय आणि दोरीवरचा वारा विसरलो. उष्णता लिहा, आणि उन्हा-वाऱ्यावर वाळवणं हेही लिहा."

हे बोलायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही. बंदरवाल्यांच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. ओळ एकमतानं मंजूर झाली. सभा उठल्यावर ते ताईपाशी आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "काय ताई? आज तुम्हाला तुमच्याच नियमानं बसवलं की नाही?"

"नियम तुमच्यासाठीच केला होता," ताई म्हणाली. आणि मग तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचना. ते बिचारे एवढे कावरेबावरे झाले की त्यांना काही बोलायला सुचेना.

करार पक्का करायची मोठी परिषद दूरच्या एका शहरात होती. अध्यक्षांनी सांगितलं, ज्यांच्या डोक्यातून ओळ निघाली तेच ती मांडतील. ठकी गेली. तिच्या भाषणाच्या दिवशी आम्ही बसआगाराच्या वरच्या खोलीत भिंतीवर पांढरा पडदा लावला आणि थेट प्रक्षेपण दाखवलं. खाली ड्रायव्हर-कंडक्टरनाही कळलं, ते जिन्यात उभे. बंदरवाले माणसं घेऊन आले. आवाजव्यवस्था अर्थातच माझी.

तिथे घंटी नव्हती. तिथे बोलणाऱ्यासमोर एक छोटा दिवा होता. तो लाल झाला की माइक आपोआप बंद. माणसं दोन-दोन मिनिटांत येऊन जात होती. ताई पहिल्या रांगेत, मांडीवर हात. ठकी आली. स्वच्छ बोलली, सरळ बोलली, म्हैस कुठेही आली नाही. अगदी शेवटी तिचा एक शब्द सुरू होतोय न होतोय तोच दिवा लाल झाला. आवाज गेला. पडद्यावर ठकीचे ओठ हलत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

"अहो, बोलू द्या की तिला!" ताई किंचाळली. "काय हे! एवढी कसली घाई आहे तुम्हाला? एक मिनिटानं काय आभाळ कोसळणार आहे का?"

ती खुर्चीवरून उठून पडद्यापाशी पोचली होती आणि त्या लाल दिव्याच्या चित्रावर बोट आपटत होती. खोलीत असा हशा उसळला की जिन्यातले लोक काय झालं म्हणून वर आले. बंदरवाल्यांचे डोळे पुसून पुसून लाल झाले. मी तर माइकच्या पेटीवर डोकं टेकून हसत होतो. ताई वळली, आमच्याकडे पाहिलं, आणि तिलाही हसू फुटलं. पण हसता हसता ती म्हणतच होती, "नाही, पण सांगा ना, किती वेळ लागला असता?"

मसुदा पक्का व्हायला त्यानंतर काही दिवस गेले. ठकीचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे ताईच्याच घरी होतो. वीज आणि उष्णता, दोन्ही शब्द आले होते. दोरीवरचा वाराही तळटिपेत आला होता. भावोजी नाचायचे बाकी होते. मी फोनचा आवाज मोठा केला, तर पलीकडून ठकी सांगतच होती: कोण भांडलं, कोणत्या देशाचा माणूस मध्येच झोपला, कोणी तिला काचेबद्दल विचारलं, सगळं, आडवळणानं. कुणीही ग्लास वाजवला नाही.

एका जागी ती श्वास घ्यायला थांबली तशी ताई म्हणाली, "ते राहू दे. त्या दिवशी दिवा लागला तेव्हा तू काय म्हणत होतीस? काय राहिलं तुझं?"

"काही नाही गं. सगळं बोलून झालं होतं वेळेत. नुसतं आभारी आहे म्हणायचं राहिलं."

"एवढंच?"

"एवढंच."

ताई म्हणाली, "पुरं कर मग. मी ऐकतेय."

पलीकडून ठकी म्हणाली, "आभारी आहे, आई."

ताईनं फोन भावोजींच्या हातात दिला आणि ती चहा टाकायला आत गेली. चहा व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला, आणि कुणीही तिला हाक मारली नाही.